अर्धी अक्षरे, चार माणसे

संग्रह एकट्याला करता येतो. पारख चारचौघांतच तयार होते. साताऱ्या-सांगलीकडच्या नाणेप्रेमींना हे शिवराईच शिकवते.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाशी, म्हणजे १६७४ शी, या तांब्याच्या नाण्याची सुरुवात जोडली जाते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. दोन ठशांमध्ये चकती ठेवून वरून हातोडा मारायचा, अशी ही नाणी पडत. ठसा बहुधा चकतीहून मोठा. त्यामुळे एका नाण्यावर ‘श्री’ सुटतो, दुसऱ्यावर ‘राजा’चा काना. कोरणाऱ्यांचे शुद्धलेखनही निरनिराळे: कुठे ‘शिव’, कुठे ‘शीव’, कुठे ‘सिव’. पुढे पेशवाईत आणि नंतरही शिवराया पडत राहिल्या, पण बहुतेकींवर ना साल, ना टांकसाळीचे नाव.

म्हणून एकटी शिवराई पुरती वाचता येत नाही. माझ्या नाण्यावर जे अक्षर कापले गेले, ते तुमच्या नाण्यावर उमटलेले असते. दोन्ही शेजारी ठेवून भिंग फिरवले, की सुटलेली ओळ जुळते. इथे सोबत हा शौकाचा अलंकार नाही, ती वाचनाची अट आहे.

ज्या वस्तूंवर मजकूर पुरा असतो, तिथे तरी एकट्याचे भागते का? अमेरिकेत कॅसिनोच्या चिप, म्हणजे जुगारात पैशांऐवजी लावायच्या चकत्या, जमवणाऱ्यांचा क्लब १९८८ पासून आहे. चिप यंत्रावर घडते. नाव, किंमत सारे तिच्यावर ठळक. तरी ती कधी बदलली, तो कॅसिनो का बंद पडला, हे चिपवर लिहिलेले नसते; ते माहितगार माणसाकडूनच कळते. महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. त्यामुळे आपल्या मंडळींच्या मेजावर चिप नाही, शिवराई असते. गरज मात्र तीच.

या सोबतीची खरी कसोटी नकली नाण्यापाशी लागते. विकणाऱ्याला नाणे खपवायचे असते, घेणाऱ्याला ते अस्सल ठरावे असे वाटत असते; दोघांचाही जीव त्यात अडकलेला. ‘हे ओतीव आहे, कडेची रेघ बघा’ असे तोंडावर सांगू शकतो तो तिसरा, ज्याचा त्यात पैशाचा संबंध नाही. असे ऐकूनही पुढच्या बैठकीला जो येतो, तो संग्राहक म्हणून वाढतो.

नव्याने नाणी जमवणाऱ्याने म्हणूनच सर्वांत देखणे नाणे घरी ठेवावे आणि सर्वांत शंकास्पद नाणे घेऊन चारचौघांत जावे.