मांडव घालणाराचे ऊन

गेल्या उन्हाळ्यात घरामागच्या मोकळ्या जागेत बागेची अवजारे ठेवण्यासाठी एक लहानशी शेड स्वतःच्या हातांनी उभारायचे मी मनावर घेतले. चार खांब, वर पन्हळी पत्रे आणि एक दार, एवढेच काम. नेमके त्याच दिवसांत वाळवंटाकडून गरम वारे सुटले. घरच्यांनी सांगून पाहिले, "पुढच्या आठवड्यात करा." पण शिक्षकाची जात, ऐकतो कुठली! दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रा हाताला चटके देऊ लागला, डोके गरगरले, तेव्हा हातोडी टाकून घरात येऊन आडवा झालो. तीन दिवसांनी वारा पडला, शेड पुरी झाली, आणि आल्यागेल्यास मी ती अभिमानाने दाखवू लागलो.

हीच फुशारकी मी फोनवर एका वर्गबंधूपुढे मारली. अलिबागकडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. तो पुढे सुतारकाम शिकला व पुष्कळ वर्षे कतारात, दोह्याजवळ, बांधकामावर होता. आता गावी असतो. तो हसून म्हणाला, "तू आडवा झालास, तुझा रोज कापला का कोणी? २००५ च्या जुलैत आम्ही कामगारांना बसायला मांडव घालत होतो. सावली व्हावी म्हणून दिवसभर उन्हात! मधेच बसलो असतो तर अर्धा रोज गेला असता."

त्याचे बोलणे मनातून जाईना. खराब हवेत कष्ट सोसणे हा सद्गुण, असे मी मुलांना आयुष्यभर शिकविले. मग त्याच्या कष्टांत आणि माझ्या कष्टांत फरक कोणता?

कतारचा उन्हाळा म्हणजे नुसते ऊन नव्हे. शमाल नावाचा वायव्येचा वारा धूळ आणतो, आणि समुद्रावरची दमट हवा आली की घाम वाळत नाही. घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. तेथे २००७ च्या नियमाने १५ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी साडेअकरा ते दुपारी तीनपर्यंत उघड्यावरचे काम बंद झाले. २०२१ मध्ये ही बंदी १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० अशी वाढविली. शिवाय ऊन, दमटपणा व वारा एकत्र धरणारे जे माप आहे, ते ३२.१ अंशांपलीकडे गेले की कोणत्याही वेळी काम थांबवावे, आणि जिवाला धोका वाटल्यास कामगाराने स्वतः थांबावे, असा हक्कही दिला.

याच देशात २०२२ ची जागतिक फुटबॉल स्पर्धा झाली. उन्हामुळे ती जून-जुलैऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घ्यावी, असे २०१५ मध्येच ठरले होते. पहिला सामना अल खोरच्या अल बैत मैदानावर झाला. भटक्या अरबांच्या तंबूसारखा त्याचा आकार आहे. खेळणारांसाठी ऋतू बदलता आला. तंबू उभारणारांच्या वाट्याला दुपारचे काही तास आले.

वर्गबंधूला मी हे सांगितले, तर तो म्हणाला, "मला तेव्हा कोणी थांबविले असते तर मी भांडलो असतो. घरावर कर्ज होते." वाचकहो, खरी अडचण येथेच आहे. माणूस राजीखुशीने राबतो म्हणत असता त्याला थांबविणारे आपण कोण?

आपले पूर्वज कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात, कारण शब्बाथला त्यांचा घाणा बंद असे. घाणा थांबला की बैलही सुटे. दहा आज्ञांमध्ये ही विश्रांती धन्याबरोबर चाकराला, परक्याला आणि जनावरालाही दिली आहे. कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. गरजवंताची मर्जी ही पुष्कळदा त्याच्या गरजेचीच मर्जी असते. एकटा थांबला तर त्याची जागा दुसरा घेतो. सगळेच थांबले तर कोणाचीच जागा जात नाही. मात्र थांबलेल्या तासांची मजुरी कापली, तर ती विश्रांती म्हणजे उपासच. म्हणून नुसते "थांब" म्हणून भागत नाही, रोजही पुरा दिला पाहिजे.

सुक्कोथच्या मांडवात पाऊस गळू लागला तर घरात जाण्याची मुभा आहे. मुभा असूनही हट्टाने बसून राहणाऱ्याला आपल्या शास्त्रकारांनी मूर्ख म्हटले आहे. माझ्या शेडचे मोल यावरून समजावे. ज्याला थांबता येते त्याचे न थांबणे हा हट्ट, आणि ज्याला थांबता येत नाही त्याचे राबणे ही सक्ती. सद्गुण म्हणायचाच तर तो दुसऱ्याला थांबू देऊन पुरा रोज हातावर ठेवणाऱ्याचा.

हे लिहिताना एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. दोन वर्षांपूर्वी गच्ची दुरुस्त करायला आलेल्या मजुराला भर दुपारी "आजच संपव बाबा" असे मीच सांगितले होते. त्याने ते संपविले. मी खाली पंख्याखाली बसून होतो. हल्ली शेड दाखविताना तो आठवतो, आणि मी फार बोलत नाही.