बाजारातील मोकळीक

शास्त्रपाठ : १ करिंथ १०:२३–३३

हैदराबादेतील मराठी कुटुंबांना सुलतान बाजार परका नाही. लग्नाच्या साड्या, बांगड्या, मुलांचे कपडे, काही घ्यावयाचे झाले की पाय तिकडे वळतात. २०२० साली डोक्यावरून मेट्रो धावू लागली, तरी खालची गर्दी हटलेली नाही. या बाजाराला पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणत. वस्ती निजामाच्या राजधानीतली, पण १९३३ सालापर्यंत तेथे अंमल मात्र ब्रिटिश रेसिडेंटचा. त्या साली तो भाग निजामाकडे परत आला. सावकार व व्यापारी तेथे येऊन राहत, कारण निजामी अंमलदारांचा हात तेथवर पोहोचत नसे. चार पावले टाकली की कायदा बदले.

पण तेथे येऊन राहणारा मनुष्य बिनधन्याचा झाला काय? मुळीच नाही. एका सत्तेखालून निघून तो दुसऱ्या सत्तेखाली आला, एवढेच. ख्रिस्ती मोकळिकीविषयी बोलताना आपण नेमके हेच विसरतो. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचे पहिले वचन आपण आवडीने वाचतो. ख्रिस्ताने आपल्याला दास्यातून सोडवले. तेरावे वचन वाचताना आवाज थोडा खाली येतो, कारण तेथे ती मोकळीक एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे असे प्रेषित सांगतो. धनी बदलला आहे, आणि नव्या धन्याने आपल्याला शेजाऱ्याच्या हवाली केले आहे.

आपल्या मंडळ्यांत तरुण विचारतात, “अमुक करायला पवित्र शास्त्रात बंदी कोठे आहे?” वडील मंडळी उत्तरादाखल यादी वाचतात : सिनेमा, पत्ते, तंबाखू. वरवर हे भांडण दिसते, पण दोन्ही बाजू एकाच गोष्टीचा शोध घेत असतात, कुंपण कोठे आहे याचा. पौल कुंपणापाशी उभाच राहत नाही.

करिंथही बाजाराचे गाव. तेथील मांसबाजाराचा उल्लेख असलेला लॅटिन शिलालेखही सापडला आहे. बाजारातले पुष्कळ मांस मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्यातले असे. मग विश्वासणाऱ्याने ते घ्यावे की नाही? पौल म्हणतो, खुशाल घ्या, दुकानदाराला खोदून विचारू नका. पृथ्वी प्रभूची आहे. अविश्वासी मनुष्याने जेवायला बोलावले तर जा आणि वाढलेले खा. मात्र कोणी म्हणाला की हा नैवेद्य आहे, तर त्याच्यासाठी खाऊ नका. मांस तेच, ताट तेच. शेजारी एक माणूस आहे, एवढ्यावरून वागणूक बदलली. (मूर्तीच्या पूजेत भाग घेणे ही निराळी गोष्ट. तिला याच अध्यायात त्याने साफ नकार दिला आहे.)

दिवाळीत शेजारच्या काकू फराळाचे ताट पाठवतात. आपल्यातील कित्येक कुटुंबे ते हसून घेतात आणि मागल्या दाराने केरात टाकतात. हा सोवळेपणा आम्हांला पटत नाही. ते अन्न उपकार मानून खावे आणि नाताळात ताट भरून परत पाठवावे. पण त्याच वेळी घरात नुकताच बाप्तिस्मा घेतलेला कोणी बसला असेल, ज्याचे घरदार अशाच नैवेद्यावरून तुटले असेल, तर ते ताट बाजूला ठेवावे. त्याला व्याख्यान देऊ नये. त्याची विवेकबुद्धी आपल्या चकलीपेक्षा मोलाची आहे.

येथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घर आठवते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या, तरी त्यांचे सोवळेओवळे सुटले नव्हते. टिळकांची त्या बंधनातून सुटका झाली होती. पण स्वतःची मोकळीक त्यांनी पत्नीवर लादली नाही. तिचे सोवळे आपल्या घरात चालू दिले. लक्ष्मीबाईंचे मन आपल्या वेळेने पालटले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. “स्मृतिचित्रे” आपल्या घरोघरी असते. पुन्हा वाचताना टिळकांच्या तापट स्वभावाबरोबर हे सोसणेही पाहावे.

रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दुसऱ्या बाजूलाही बोलतो, हे आपले उपदेशक पुष्कळदा गाळतात. न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. अशक्ताला सांभाळायचे याचा अर्थ मंडळीतील सर्वांत कडक जिभेच्या ताब्यात सर्वांना द्यायचे असा नव्हे. अडखळणे वेगळे आणि नाक मुरडणे वेगळे.

अडखळणे म्हणजे काय ते लग्नाच्या मेजवानीत दिसते. अलीकडे काही ठिकाणी मागल्या खोलीत बाटली उघडते. “आम्ही प्रमाणात घेतो, त्यात पाप काय?” असे समर्थनही ऐकू येते. त्याच मांडवात एखादा बंधू असतो, ज्याने मोठ्या कष्टाने दारू सोडलेली असते, आणि ज्याची पत्नी रात्री तो कसा घरी येईल म्हणून अजूनही दाराकडे पाहते. त्याला त्या खोलीत हाक मारणारा ख्रिस्ती मनुष्य आपला कोणता हक्क बजावत आहे? १ करिंथ ८:११ येथे पौल अशा भावाविषयी सांगतो की ख्रिस्त त्याच्यासाठी मरण पावला.

आणि पुन्हा बाजार. दिवस मावळताना पदपथावरचा विक्रेता उरलेला माल पडेल त्या किमतीला देतो, कारण त्याला घरी तांदूळ न्यावयाचे असतात. घासाघीस करण्यास कोणताही कायदा आड येत नाही. रविवारी दानपात्रात नोट टाकणाऱ्या आपल्या बहिणी आणि बंधू सोमवारी त्याच्याकडून दहा रुपये सोडवून घेतात आणि घरी येऊन ती हुशारी सांगतात. कोणत्याही मंडळीच्या नियमात हे बसत नाही, म्हणून त्याविषयी कोणी कोणाला विचारत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा पाठ घेताना मुलांना यादी पाठ करावयास देऊ नये. वचने २५ ते २८ वाचून फराळाच्या ताटाची गोष्ट सांगावी आणि मग विचारावे : घरात आज कोण बसले आहे?