नाव पुसणारे



कोणाला कळणारच नसेल तर पाप टाळायचे कशासाठी? हा प्रश्न आजचा नाही. पुष्कळांना वाटते, पुरावा उरला नाही म्हणजे खून पचला. तसा पचत आलेला एक खून विचारात घेऊ.

पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा होत्या. नोव्हेंबर १९५६ मध्ये त्यांच्या विश्वासातले डॉक्टर अनंत लागू यांनी त्यांना तपासणीसाठी म्हणून रात्रीच्या गाडीने मुंबईस नेले. गाडी पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. इस्पितळात त्यांचे नाव दुसरेच सांगितले गेले. त्याच दिवशी त्यांचे प्राण गेले. कोणी न्यायला आले नाही, म्हणून देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला. तपासणीत विष सापडले नाही. इकडे बाईंच्या नावाने पत्रे येत राहिली, की मी लग्न करून दूर सुखात आहे. आणि पैसा डॉक्टरांकडे वळत राहिला.

गुन्ह्यात काय कमी होते? काहीच नाही. कमी पडली ती माणसांची विसराळू वृत्ती. आप्त-परिचितांना ती पत्रे पटली नाहीत. बाई कुठे आहेत, हे ते विचारत राहिले. अखेर डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. विष सापडले नाही एवढ्यावरून आरोपी निर्दोष ठरत नाही, परिस्थितीची साखळी पुरी जुळली तर तीही पुरावाच, असे ठरले.

पापाला वाचा फुटतेच, असे आपण सहज म्हणतो. पण पुष्कळ खून पचतात, हे कबूल केले पाहिजे. पांडुरंग पाहतो म्हणून भ्या, असेही मी सांगणार नाही. तो फौजदार नव्हे. त्याचे हात कटेवर आहेत, कोणाच्या मानगुटीवर नाहीत. भीतीने जो थांबला, तो भीती गेली की सुटतो. ज्याला समोरच्या जीवात विठ्ठल दिसला, त्याला कोण पाहते आहे हे विचारावेच लागत नाही.

या प्रकरणात मला अधिक भय वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. आपण नामधारक. नामावाचून आपल्याजवळ दुसरे धन नाही. त्या बाईंचा देह तर गेलाच, पण त्यांचे नावही काढून घेतले. आणि ज्याने मारले, त्यालाच पत्रांतून त्यांना जिवंत ठेवण्याची वेठ करावी लागली.

आपल्या भाषेत पुसणे म्हणजे मिटवणे, आणि पुसणे म्हणजे विचारणेही. नाव मिटवणारा एक असतो. ते विचारणारे चार जण उरले, तर त्याचे काम पुरे होत नाही.

आळंदीच्या पालखीत समाजआरतीच्या वेळी हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी निघते, तिच्याबरोबर चालणाराही मागे राहिलेल्याची वाट पाहतोच. वारी संपली की मात्र आपण हे विसरतो. आर्वीकडच्या आमच्या गावांतही मुले शहरात गेलेली, आणि वाड्यात एकटी म्हातारी राहिलेली, अशी घरे आहेत. कागदावर अंगठा कोण घेतो, औषध कोण देतो, कोणी पाहत नाही.

एकादशीला भजनात जी म्हातारी दिसली नाही, तिच्या दारी दुसऱ्या दिवशी जाऊन या. नाव घेऊन हाक मारा, आणि तिने स्वतः ओ दिल्याशिवाय परतू नका.