नावापुरते आणि नावानिशी

मननासाठी उतारा : योहान २१:१५-२२



पुनरुत्थित प्रभूने समुद्राकाठी पेत्राला तीनदा प्रीतीविषयी विचारले, आपली मेंढरे त्याच्या स्वाधीन केली आणि त्याला कोणते मरण येईल हेही सुचविले. इतके ऐकल्यावर पेत्र काय करतो? तो मागे वळतो आणि योहानाची चौकशी करतो! प्रभू त्या चौकशीला उत्तर देत नाही. योहानाचे पुढे काय होईल याच्याशी पेत्राला कर्तव्य नाही. त्याने आपल्या प्रभूमागे चालावयाचे आहे.

अस्तित्ववाद म्हटले की आपल्याला सार्त्र आठवतो, आणि निरीश्वरवाद समजून तो विषय आपण दूर सारतो. परंतु या विचाराचा उगम ज्याच्यापाशी शोधला जातो, तो डेन्मार्कचा सोरेन किर्केगार्ड (१८१३-१८५५) कळकळीचा ख्रिस्ती होता. त्याच्या देशात पाळक हे राज्याचे अधिकारी असत आणि मूल जन्मले की त्याचा बाप्तिस्मा होई. जेथे सारेच ख्रिस्ती, तेथे ख्रिस्ती होणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाने त्याला आयुष्यभर स्वस्थ बसू दिले नाही. १८५४ मध्ये बिशप मिन्स्टर वारले. मानमरातबात आयुष्य घालविलेल्या या धर्माधिकाऱ्याला मार्टेनसेन यांनी प्रेषितांपासून चालत आलेल्या सत्याच्या साक्षीदारांच्या मालिकेत बसविले. मिन्स्टर हे किर्केगार्डच्या वडिलांचे आदरणीय पाळक. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने जाहीर विरोध केला. साक्षीदार म्हणजे सत्यासाठी दुःख सोसणारा, असे त्याचे म्हणणे होते.

हा प्रश्न कोपनहेगनपुरता नाही. आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांना ख्रिस्ती होताना घरदार, जात, आप्तेष्ट यांची किंमत मोजावी लागली. आपल्याला मात्र विश्वास आडनावाबरोबर मिळाला. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. परंतु त्यायोगे लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी वियोगाची वर्षे काढली, आणि पतीच्या घरी परतल्यावरही सोवळेओवळे लगेच सोडले नाही. स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी पत्नीने पतीमागे मुकाट्याने जाणे किती सोपे होते! (त्यांचा विनोदी स्वभाव आपण कौतुकाने सांगतो, हा करारीपणा क्वचितच सांगतो.)

किर्केगार्डचे सगळेच मला मान्य नाही. अखेरच्या आजारात त्याने पाळकाच्या हातून प्रभुभोजन घेण्यास नकार दिला. एकट्याने देवापुढे उभे राहावे हे खरे. पण पौल मंडळीला शरीर म्हणतो, आणि शरीरापासून तुटलेला अवयव फार काळ जगत नाही. सार्त्रशी तर मूळचाच मतभेद आहे. त्याच्या मते मनुष्य आपल्या निवडीने स्वतःला घडवितो. आपली निवड मात्र उत्तरादाखल असते. हाक आधी आलेली असते, आणि तीही नावानिशी.

म्हणून येत्या प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे : आईवडील, मंडळी, समाज यांपैकी कोणी पाहत नसते, तर मी या मेजाशी आलो असतो काय? उत्तर पाळकांना सांगण्याची गरज नाही. पेत्राला ज्याने तीनदा विचारले, त्याला ते सांगावे. उत्तर ‘नाही’ असले तरी सांगावे. तीनदा नाकारणाऱ्यालाही त्याने किनाऱ्यावर न्याहारीला बोलावलेच होते.