ढील

जायरोप्लेनच्या डोक्यावरची पाती हवेत असताना इंजिनाने फिरत नाहीत. नवशिक्या वैमानिकाला हे सुरुवातीलाच सांगतात, पण ते त्याच्या गळी लवकर उतरत नाही, कारण वरून सगळा थाट हेलिकॉप्टरचा. इंजिन असते बहुधा पाठीमागे, आणि ते यंत्राला फक्त पुढे ढकलते. वरचा रोटर किंचित मागे कललेला असतो; खालून शिरणारा वारा त्याला फिरवत ठेवतो. इंजिन बंद पडले तरी रोटर फिरत राहतो आणि त्याच्याच आधाराने यंत्र खाली येते.

हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या माणसाला हे पटायला हरकत नसावी. संक्रांतीला इथल्या गच्च्यांवर जो खेळ चालतो त्याचे शास्त्र हेच: समोरून वारा, खालून मांजाची ओढ, आणि या दोहोंच्या भांडणात पतंग वर. हे नाते नुसते उपमेपुरते नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या फोके-आखगेलिस ३३० नावाचा बिनइंजिनाचा रोटर-पतंग दोराला बांधून मागे उडवीत. त्यावर बसवलेला टेहळ्या टेलिफोनवरून खाली खबर देई. (पाणबुडीला तातडीने बुडी मारायची वेळ आली तर त्या बिचाऱ्याचे काय, हा प्रश्न त्यालाही पडत असणारच.) ऑगस्ट १९४३ मध्ये यू-१७७ या पाणबुडीने अशाच टेहळणीच्या बळावर हिंदी महासागरात एक ग्रीक जहाज बुडवले. युद्धानंतर अमेरिकेत इगोर बेन्सन यांनी अशा रोटर-पतंगांचा धागा पकडून हौशी माणसाला घरी बांधता येतील असे जायरो तयार केले. मोटारीमागे दोराने ओढल्या जाणाऱ्या बिनइंजिनाच्या जायरोवर कितीतरी जणांनी पहिले धडे गिरवले.

पण मूळ कल्पना स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांची. १९१९ साली त्यांचे तीन इंजिनांचे विमान जमिनीजवळ वेग घटल्याने कोसळले. वेग गेला की पंखांची उचल जाते, ही साध्या विमानाची जन्मखोड. मग विमान हळू चालले तरी पंख वेगात राहील असे काही करता येईल का? पंखच फिरता करायचा. त्यांची पहिली तीन यंत्रे मात्र एका बाजूला कलंडत राहिली. पुढे जाणाऱ्या पात्याला वारा जास्त लागतो, मागे येणाऱ्याला कमी. एका अंगाला उचल जास्त, दुसऱ्या अंगाला तोकडी. गंमत अशी की छोटी प्रतिकृती मात्र छान उडत होती. तिची पाती वेताच्या लवचीक काड्यांवर होती! मोठ्या यंत्रात पाती ताठ बसवलेली, म्हणून ते पडत होते. सिएर्वांनी पात्यांना मुळाशी बिजागऱ्या दिल्या आणि जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ हेताफेला त्यांचे यंत्र उडाले. वर जायची मुभा मिळालेले पाते वर जाते, तिथे त्याची उचल कमी होते, आणि तोल आपोआप साधतो.

उलट काचीगुडा हे रुळांचे गाव. १९१६ साली उभे राहिलेले स्थानक, निजामाच्या रेल्वेचा कारभार, मनमाडच्या गाडीने मराठवाड्यातून आलेली मराठी घरे. रुळावर इकडेतिकडे व्हायची मुभा नाही, म्हणून गाडी चालते. आमच्या वस्तीत शिस्त म्हणजे हीच, अशी पक्की समजूत होती. शाळेतले, नोकरीतले बरेचसे शिक्षण याच जातीचे. रोटरची शिस्त निराळी, आणि ती हाताला शिकवणे अवघड.

साध्या विमानात वेग घटला की नाक खाली करायचे, हे हाडीमाशी भिनवतात. जायरोत नियंत्रणाची काठी झटक्याने पुढे रेटली तर रोटरवरचा भार जातो, खालून येणारा वारा तुटतो, पाती मंदावतात. हवेत ती पुन्हा वेग घेतील याची खात्री नाही. म्हणून विमानाचा हात बसलेला वैमानिक इथे कोऱ्या विद्यार्थ्याहून अधिक धोक्यात असतो. नवख्याची खोड वेगळी: नाक वर गेले म्हणून तो काठी दाबतो, यंत्र जरा उशिरा ऐकते, तोवर त्याने आणखी दाबलेली असते. मग उलट ओढ, पुन्हा दाब, प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. अशा वेळी त्याने इंजिन हलकेच कमी करून हात शांत ठेवावा, एवढेच हवे असते. घाबरलेल्या हाताला नेमके तेच जमत नाही.

पतंजलींनी आसन सिद्ध व्हायला प्रयत्न सैल करायला सांगितले आहे. इथवर आले की निबंधकाराला अध्यात्माचा मोह होतो, पण जायरो तो पुरवू देत नाही. धावपट्टीवर रोटरला आधी इंजिनाने मिनिटाला सुमारे २०० फेरे द्यावे लागतात, मग काठी पूर्ण मागे घेऊन दौड. तेवढा धीर न धरता, मंद रोटरवर वेग घेतला तर पाती आपटून शेपूट तोडतात. आणि भरारीआधी विद्यार्थ्याला रोज एक काम असतेच. दोन पात्यांच्या रोटरला झुलायची मुभा मध्यभागच्या एका बोल्टावर मिळते. तो बोल्ट हाताने सहज फिरतो ना, त्याची पिन जागेवर आहे ना, हे डोळ्यांनी पाहून, बोटांनी चाचपून मगच आसनात बसायचे.