खिशातला कागद

सॅं-मालोच्या तटावर माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने मला एक प्रश्न विचारला. आज दिवाळीच्या निमित्ताने लिहायला बसलो आहे, तरी त्या प्रश्नाचे ऋण अजून फिटलेले नाही.

माझी मुलगी आणि जावई फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, रेन शहरी राहतात. तेथून आगगाडीने तासाभरात सॅं-मालोला जाता येते. समुद्रात घुसलेल्या खडकावर वसलेले, चोहोबाजूंनी तटबंदी असलेले हे बंदर. काळसर दगडांची उंच घरे, चिंचोळ्या गल्ल्या, तटावरून फिरायला फरसबंद वाट. मला वाटले, शतकानुशतके हे असेच उभे असणार. मुलीने सांगितले, "बाबा, यातली बहुतेक घरं तुमच्याहून फार मोठी नाहीत." 1944 च्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या महायुद्धात, तटाच्या आतले गाव जवळजवळ सगळे जळून कोसळले. तट मात्र टिकला. लोकांनी पुढच्या वर्षांत जुन्याच वळणावर गाव पुन्हा बांधून काढले. माणसाला आपले जुने रूप इतके हवेसे वाटते, हे पाहून मला गहिवरून आले.

आणि मी तर अलिबागचा. इथे ओहोटी लागली की ग्रां-बे नावाच्या बेटावर पायी जाता येते. शातोब्रियां हा थोर फ्रेंच लेखक तेथे नाव न कोरलेल्या दगडाखाली, समुद्राकडे तोंड करून निजला आहे. ओली वाळू तुडवीत तेथे जाताना मला कुलाब्याच्या किल्ल्याची वाट आठवली. फरक इतकाच, की इथे मोठ्या उधाणाला पाणी बारा मीटरांहून अधिक चढते. वेळ चुकली तर बेटावरच अडकून बसावे लागते.

तर तो प्रश्न. तटाजवळच्या बागेत रोबेर सुर्कूफ याचा पुतळा आहे. हात समुद्राकडे रोखलेला, मुद्रा मोठी करारी. नातवाने विचारले, "आजोबा, हा समुद्री चाचा होता का?" मी म्हटले, "नाही रे, हा कोर्सेअर." "म्हणजे काय?" "म्हणजे दुसऱ्यांची जहाजं लुटायचा, पण राज्याच्या परवानगीनं." पोराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग ज्यांचं जहाज गेलं, त्यांना कसं कळायचं?"

वाचकहो, याचे उत्तर तुम्ही द्या, मला सुचले नाही.

व्यवहार असा होता. युद्धाच्या काळात राजा, आणि पुढे प्रजासत्ताक, खासगी जहाजमालकांना परवान्याचा कागद देई. तो जवळ असला की शत्रूचे व्यापारी जहाज धरावे, बंदरात आणावे, न्यायालयाने ते कायदेशीर ठरवावे, मग लिलाव करून मालक, सरकार आणि खलाशी यांनी ठरल्याप्रमाणे वाटणी करावी. असा माणूस शत्रूच्या हाती लागला तर युद्धकैदी. कागद नसला तर चाचा, आणि चाच्याला फाशी. कृत्य तेच, तलवार तीच. मध्ये फक्त एक कागद. हा प्रकार युरोपातल्या राष्ट्रांनी 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्याने बंद केला, तोपर्यंत कित्येक घराण्यांच्या तिजोऱ्या त्यावर भरल्या होत्या.

सुर्कूफचीच गोष्ट पाहा. पहिल्या मोठ्या सफरीच्या वेळी त्याला हा परवाना मिळाला नव्हता. तरीही 1796 च्या जानेवारीत त्याने आपल्या बंगालच्या उपसागरात इंग्रज कंपनीचे 'ट्रायटन' हे मोठे जहाज हिकमतीने काबीज केले. मॉरिशस तेव्हा फ्रेंचांकडे होते. तेथे तो परतला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि सरकारने मात्र लूट जप्त केली, कारण कागद नव्हता. गडी पॅरिसला गेला, दाद मागितली आणि आपले म्हणणे मान्य करून घेतले. म्हणजे जे कृत्य करताना बेकायदा होते, ते मागाहून कायदेशीर झाले! ट्रायटनवरच्या मेलेल्या खलाशांना या निकालाने काय फरक पडला असेल?

हे वाचून कोणी मराठी वाचक हसेल, तर त्याने जरा थांबावे. आमच्या अलिबागेत कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. लहानपणी आम्ही तिच्यापुढे हात जोडत असू. इंग्रजांच्या दप्तरात कान्होजी चाचे आहेत, आमच्या इतिहासात सरखेल. ते आपल्या किनाऱ्याचे धनी होते. त्यांचा परवाना घेतल्याशिवाय जहाजांनी जाऊ नये असा त्यांचा दंडक होता, आणि पोर्तुगीज व इंग्रज स्वतः हेच करीत होते. पुढे 1756 मध्ये पेशव्यांच्या साह्याने इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. चाच्याचा बंदोबस्त केला म्हणून त्यांनी डंका पिटला आणि किल्ल्यातले सुमारे दहा लाख रुपये आपसांत वाटून घेतले. तेव्हा चाचा कोण, हे पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या हातावर ठरते, यात संशय नाही.

तथापि माझा अभिमान तेवढ्यावर भागत नाही. आंग्र्यांनी अडवलेल्या जहाजांत देशी व्यापाऱ्यांचाही माल असे. नातवाचा प्रश्न त्यांच्याही बाजूने विचारता येतो. सरखेलांविषयीचा माझा आदर कमी होत नाही. पण तो प्रश्न फक्त परक्यांच्या पुतळ्यापुढेच विचारावा आणि आपल्या समाधीपुढे गप्प बसावे, हे काही प्रामाणिकपणाचे नव्हे.

आणि समाधीपर्यंत तरी कशाला जायचे? माझ्याच खिशात एकदा असा कागद होता.

1984 साल. मी एका पतसंस्थेत वसुलीच्या कामावर होतो. अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यात एकाने होडीच्या यंत्रासाठी कर्ज घेतले होते. हप्ते थकले होते. जप्तीचा हुकूम घेऊन मी दोन हमालांसह गेलो. आषाढाचे दिवस, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. तो स्वतः घरी नव्हता, त्याची म्हातारी आई होती. ती भांडली नाही, रडली नाही. म्हणाली, "काय लिहिलंय ते वाचून दाखवा." मी ओसरीवर उभा राहून हुकूम अथपासून इतिपर्यंत वाचला. तिने तो शांतपणे ऐकला, "बरं" म्हणाली, आणि हमालांना प्यायला पाणी दिले. आम्ही यंत्र घेऊन आलो. त्या महिन्यात माझ्या वसुलीचे साहेबांनी कौतुक केले.

नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ पडला, होड्या निघाल्या. ती एक होडी निघाली नाही.

मला कोणी म्हणेल, "अहो, तुम्ही चूक काय केली? संस्थेत ठेवी कोणाच्या होत्या? तुमच्याआमच्यासारख्यांच्याच. प्रत्येक वसुलीवाला कनवाळू झाला तर ठेवीदार बुडतील." हे खरे आहे. कागदाला मी तुच्छ लेखीत नाही. कागद नसता, तर ज्याच्या हातात काठी त्याची म्हैस अशीच गत झाली असती. परवाना नसलेल्या लुटारूपेक्षा परवाना असलेला केव्हाही बरा, कारण त्याला निदान न्यायालयापुढे उभे राहावे लागते.

पण सॅं-मालोच्या तटावर मला एक गोष्ट उमगली. परवान्याने सुर्कूफला समुद्रावर जाण्याची आज्ञा केली नव्हती, मुभा दिली होती. माझ्या हुकुमानेही यंत्र उचलण्याचा अधिकार मला दिला होता. ते त्याच दिवशी उचलावे असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. दोन महिने थांबावे, हंगाम लागू द्यावा, मासळीच्या पैशातून हप्ता घ्यावा, एवढा एक अर्ज मी साहेबांपुढे ठेवू शकलो असतो. कदाचित तो नामंजूर झाला असता. पण मी तो लिहिलाच नाही. कागदात 'करता येईल' असे होते, मी 'केले पाहिजे' असे वाचले. तसे वाचणे सोयीचे होते.

कागद आपल्याला शिक्षेपासून वाचवतो. त्याने मोकळी सोडलेली जागा मात्र आपली एकट्याची असते, आणि माणसाची पारख तेथे होते. सुर्कूफने 1800 साली बंगालच्या उपसागरातच 'केंट' हे आपल्याहून कितीतरी मोठे जहाज जिंकले, तेव्हा त्यावरच्या प्रवाशांना, विशेषतः स्त्रियांना, त्याने सभ्यपणे वागवले अशी त्याची ख्याती आहे. तसे कागदात लिहिलेले नव्हते. आणि याच माणसाने, 1794 मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केल्यावरही, हिंदी महासागरात चोरून गुलाम वाहून नेले. तेव्हा तर कागद त्याच्या विरुद्ध होता. पुतळ्याचा रोखलेला हात एकच आहे, त्या हाताने दोन्ही केले.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' असे दोन शब्द लिहितो. लाभ किती झाला हे वही सांगते. शुभ होते की नाही, हे तिला ठाऊक नसते. ते ज्याच्याकडून आले त्याला विचारावे लागते. मी त्या म्हातारीला कधी विचारले नाही. आता ती हयात असण्याचा संभव नाही, पण तिचा मुलगा असेल. भारतात परतल्यावर त्या कोळीवाड्यात जाऊन यायचे मी ठरवले होते. दोनदा निघालो, एकदा तर वेशीपर्यंत गेलो आणि मासळी घेऊन परत आलो. यंदा दिवाळीचा फराळ घेऊन जाणार आहे. काय बोलणार, ते अजून ठरलेले नाही.

त्या संध्याकाळी सॅं-मालोला भरती लागली तेव्हा ग्रां-बेची वाट पाण्याखाली गेली. नातवाने पुन्हा विचारले, "आजोबा, मग तो चांगला होता की वाईट?" मी म्हटले, "त्याच्याजवळ कागद होता, बाळ." पोर वेड्यासारखे माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "पण मी ते विचारलंच नव्हतं."