बदली

बदलीचा हुकूम हाती पडला की सरकारी नोकराच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो. माणसाचे खरे स्थान कोणते? तो जन्मला ते, की त्याचे काम ज्यांच्या उपयोगी पडते ते?

गिंडीच्या वनोद्यानाला लागूनच मद्रासची भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील मेंदू-संशोधन केंद्राने २०२४ साली गर्भस्थ मानवी मेंदूचा ‘धरणी’ नावाचा नकाशासंग्रह पाच हजारांहून अधिक छेदांच्या आधारे प्रसिद्ध केला. परंतु मेंदूची जडणघडण जन्माबरोबर संपत नाही. २०१६ साली पारेदेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिले की, जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतही कोवळ्या मज्जापेशी मेंदूतील पोकळ्यांच्या काठाहून कपाळामागील खंडाकडे वाटचाल करीत असतात. अशी पेशी प्रथम पुढे एक तंतू लांबवून वाट चाचपते. मग तिचे केंद्रक टप्प्याटप्प्याने त्यामागून सरकते. मुक्कामी पोहोचल्यावर इतर पेशींच्या उत्तेजनाला आवर घालणे हे त्यांचे काम.

आम्हां बदलीवरच्या मंडळींना हा दृष्टान्त गोड वाटेल. पण केवळ पोहोचणे पुरेसे नसते. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले आहे की, या जातीच्या अनेक पेशी मुक्कामी येऊनही मरतात. भोवतालच्या पेशींच्या व्यवहाराशी ज्यांचे जुळते, त्या तगण्याचा संभव अधिक.

हे वाचून मी वरमलो. तीन वर्षे गिंडीत राहूनही माझे तमिळ बसच्या तिकिटापलीकडे गेले नव्हते. शेजारच्या आजी ‘साप्पिट्टींगळा’ म्हणून जेवणाची चौकशी करीत, आणि मी नुसता हसून दार लावून घेई. या अलिप्ततेला मी मराठी बाणा असे नाव दिले होते.

निसर्गात घडते तेच नीतीला धरून असते असे नव्हे, हे मान्य. पेशीला निवड नाही, म्हणून तिला श्रेयही नाही आणि दोषही नाही. माणसाला मात्र निवड आहे. हुकूम वरून येतो. शेजार आपण स्वीकारायचा असतो. ज्यांच्या गावचे पाणी आपण पितो, त्यांच्या भाषेला कान न देणे ही स्वभाषेवरील निष्ठा नव्हे, ती कृतघ्नताच होय. पेशी जागा बदलते, पण जन्माचा वारसा बरोबर घेऊनच जाते. मग आजींना चार शब्दांचे उत्तर त्यांच्या बोलीत दिल्याने माझी मराठी कशी बुडणार होती?